घर बदललं, पत्ता बदलला का?

(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून इथं संविधान, शिक्षण, रोजगार अशा मोठ्या विषयांवर बोलणं झालं. माझा विषय त्या मानानं फारच छोटा वाटेल. घर बदललं की आपला पत्ता कुठं-कुठं आणि कसा बदलायचा, एवढंच मला सांगायचं आहे. आयोजकांपैकी एक जण हसून म्हणाला, "मॅडम, यावर दहा मिनिटं तरी बोलता येईल का?" मी म्हटलं, "मला तास लागेल." मी शिक्षिका आहे आणि गेली काही वर्षं दर रविवारी आमच्या वस्तीत कागदपत्रांच्या मदतीचं टेबल लावते. कुणी स्कॉलरशिपचं घेऊन येतं, कुणी रेशनचं, कुणी बँकेचं. नीट ऐकत गेलं की बऱ्याच जणांची अडचण शेवटी पत्त्यावर येऊन थांबते.

आधी एक करू या. गेल्या तीन वर्षांत ज्यांनी घर किंवा खोली बदलली, त्यांनी हात वर करा. जवळजवळ सगळेच आहात. आता ज्यांच्या आधारवर आज राहता तिथलाच पत्ता आहे, त्यांनी हात वर ठेवा, बाकीच्यांनी खाली घ्या. आणि मतदार यादीत ज्यांचं नाव आजच्या पत्त्यावर आहे, तेवढेच हात वर ठेवा. बघा आजूबाजूला. किती उरले?

यात तुमचा आळस आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडं घर बदलण्याची कारणंच जास्त आहेत. बीड, लातूर, परभणीहून मुलं पुण्या-मुंबईला शिकायला येतात आणि अकरा महिन्यांच्या करारावर खोल्या बदलत राहतात. काही घरं मनाविरुद्ध बदलावी लागली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून कितीतरी कुटुंबं मुंब्र्याला गेली, हे तुमच्यापैकी काहींनी आपल्या घरातच ऐकलं असेल. मुस्लिमांना मनासारख्या वस्तीत घर विकत किंवा भाड्यानं मिळणं कठीण जातं, याची नोंद २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही आहे. नाव ऐकून तीन जणांनी नकार दिल्यावर चौथ्यानं किल्ली हातात ठेवली, तर त्याच्याकडं करार मागायला जीभ रेटत नाही. इथूनच पत्त्याची अडचण सुरू होते. माणूस नव्या घरात राहायला येतो आणि त्याचे कागद जुन्याच घरात राहतात.

आधी भाडेकरार

भाड्यानं राहणाऱ्यासाठी पत्त्याचं मूळ कागद म्हणजे नोंदणी केलेला करार. आपण ज्याला लीव्ह अँड लायसन्स म्हणतो तो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चूक आहे. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे. त्यानं ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

पण मालकाला कलम दाखवून धमकावू नका. धमकी दिली तर करारही जाईल आणि खोलीही. मालक का घाबरतो ते समजून घ्या. त्याला वाटतं, भाडेकरूनं आधारवर, मतदार यादीत हा पत्ता घातला की तो घर बळकावेल. त्याला शांतपणे सांगा, लीव्ह अँड लायसन्समध्ये राहणाऱ्याला घरावर हक्क मिळत नाही. मुदत संपली आणि त्यानं घर सोडलं नाही, तर याच कायद्याच्या कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा मिळतो, आणि तिथं लेखी करार हाच त्याचा पक्का पुरावा ठरतो. उलट करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर मालक ते खोटं ठरवत नाही. म्हणजे करार नसण्यात जास्त धोका मालकाचाच आहे. मी स्वतः दोन-तीन मालकांशी असंच बोलले आहे. एक काका म्हणाले, "एवढंच होतं, तर आधीच्या पोरांनी का नाही सांगितलं?"

नोंदणी आता घरबसल्या होते. एजंट अंगठ्याचं यंत्र आणि कॅमेरा घेऊन घरी येतो. सही करण्याआधी फक्त तीन गोष्टी वाचा : घर क्रमांक, पिनकोड आणि तुमच्या नावाचं स्पेलिंग. चार जण मिळून खोली घेत असाल तर चौघांचीही नावं करारात घाला. एकाच्याच नावावर करार झाला की बाकी तिघं कागदावर कुठंच राहत नाहीत.

मतदार यादी

आता सगळ्यात महत्त्वाचं. बँकेचा पत्ता चुकला तर एक पत्र हुकतं. मतदार यादीतला चुकला तर मत हुकतं, आणि ते मतदानाच्या दिवशी सकाळी केंद्रावर गेल्यावर कळतं. तेव्हा हातात मतदार ओळखपत्र असून उपयोग नसतो. कार्ड ही तुमची ओळख आहे. मताचा हक्क यादीतल्या नावानं मिळतो.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० प्रमाणे माणूस जिथं सर्वसाधारणपणे राहतो तिथला मतदार होतो. गावात नुसतं घर मालकीचं आहे, एवढ्यानं तो तिथला रहिवासी ठरत नाही. आणि काही दिवस बाहेर गेला म्हणून रहिवास संपतही नाही. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असू शकतं. विद्यार्थ्यांना मात्र निवडीची सोय आहे. हॉस्टेलवर किंवा खोलीवर राहणारा विद्यार्थी आई-वडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवू शकतो किंवा शिकतो त्या गावी नोंदवू शकतो. दोन्हींपैकी एक.

घर बदललं की अर्ज क्रमांक ८ भरायचा. दुसऱ्या मतदारसंघात गेलात तरी हाच, त्याच मतदारसंघात गल्ली बदलली तरी हाच. आधी यासाठी वेगवेगळे अर्ज होते, २०२२ पासून एकच आहे. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा मोबाईल ॲपवर तो भरता येतो, नाहीतर तुमच्या भागाच्या बीएलओकडं देता येतो. सोबत नव्या पत्त्याचा एक पुरावा लागतो : आधार, बँकेचं पासबुक, पासपोर्ट, नोंदणी केलेला भाडेकरार, वीज-पाणी-गॅसचं बिल, असं काहीतरी. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो. जुन्या जागचं नाव काढलं जातं आणि नव्या जागी येतं.

इथं पुष्कळ मुलं एक गफलत करतात. नव्या शहरात कुणाच्या तरी शिबिरात घाईघाईनं अर्ज क्रमांक ६ भरून टाकतात. तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. त्यात 'माझं नाव दुसरीकडं कुठंही नाही' असं लिहून द्यावं लागतं. गावात नाव असताना असं लिहून दिलं तर ते खोटं प्रतिज्ञापन होतं, आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. चांगल्या हेतूनं शिबिर लावणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनीही हे लक्षात ठेवायला हवं. समोरच्याला पहिला प्रश्न विचारा, "याआधी कुठं मत दिलंय का?"

पत्ता जुना ठेवण्यात दुसरा धोका आहे तो अर्ज क्रमांक ७ चा. तुमच्या मतदारसंघातला दुसरा मतदार अर्ज करू शकतो की ही व्यक्ती इथं राहत नाही, हिचं नाव काढा. नाव काढण्याआधी अधिकाऱ्यानं तुम्हाला बाजू मांडण्याची संधी द्यायची असते. पण ती नोटीस येते यादीतल्या पत्त्यावर. तुम्ही तिथं नसाल तर नोटीस कुणाच्या हातात पडणार? बीएलओ येऊन कुलूप बघून जाणार, शेजारी सांगणार, "गेले ते लोक." आणि ते खरंच असतं.

बिहारमध्ये काय झालं ते आठवा. २०२५ मध्ये तिथं मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं. १ ऑगस्टला मसुदा यादी आली, तेव्हा सुमारे ६५ लाख नावं त्यात नव्हती. आयोगानं दिलेल्या कारणांत सर्वांत मोठा गट होता कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेल्यांचा, सुमारे ३६ लाख. मृत म्हणून दाखवलेले सुमारे २२ लाख. सर्वोच्च न्यायालयानं १४ ऑगस्टला वगळलेली नावं कारणांसह प्रसिद्ध करायला सांगितली, आणि पुढं सप्टेंबरमध्ये ओळखीसाठी आधारही स्वीकारायला सांगितलं. त्या प्रक्रियेबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो. मला त्यातून दिसलं ते हे, की कामासाठी घर सोडून गेलेला माणूस यादीतून सर्वांत सहज गळतो. तो बिहारचा मजूर असेल किंवा औरंगाबादहून पुण्याला आलेला इंजिनिअर.

नाव गळलंच तर रडत बसू नका. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा दंडाधिकाऱ्याकडं १५ दिवसांत अपील करता येतं, आणि त्याच्यावर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडं ३० दिवसांत. पण निवडणूक जाहीर झाल्यावर वेळ थोडा उरतो, कारण उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख गेली की यादीत नवीन नाव घालता येत नाही. म्हणून यादी शांत दिवसांत तपासायची. चौकशीसाठी १९५० हा नंबर आहे.

कोकणातल्या मुलांसाठी एक जोड. ज्यांचे अब्बा, भाऊ आखातात आहेत आणि भारतीय नागरिक आहेत, त्यांना अर्ज ६-अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्यावर मतदार होता येतं. मत मात्र मूळ पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष येऊनच द्यावं लागतं.

आधार आणि मोबाईल नंबर

आधारचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो, आणि कितीही वेळा. नाव आणि जन्मतारखेला मर्यादा आहे, पत्त्याला नाही. स्वतःच्या नावावर एकही पुरावा नसेल तर कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलण्याची सोय २०२३ पासून आहे. आई, वडील, नवरा किंवा बायको यांचा आधार क्रमांक आणि नात्याचा कागद द्यायचा. त्यांना मेसेज जातो आणि त्यांनी ३० दिवसांच्या आत मान्यता द्यायची. नाही दिली तर अर्ज बाद होतो. घरच्यांना आधी फोन करून ठेवा. फी पोर्टलवर दिसते तेवढीच द्या आणि पावती घ्या.

एक गोष्ट मोहल्ल्यात जाऊन सांगा. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे २०१६ च्या आधार कायद्यातच कलम ९ मध्ये लिहिलं आहे. त्यामुळं 'आधार आहे ना, बाकी कागद कशाला?' असं म्हणून जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला हलगर्जीपणानं ठेवू नका.

आणि मोबाईल नंबर हाही आता एक पत्ताच आहे. ओटीपी तिथंच येतो. तुम्ही सिम बंद केलं की तो नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. बँक आणि आधारवर तोच राहिला असेल तर तुमचे मेसेज परक्या माणसाच्या हातात. नंबर सोडण्याआधी दोन्हीकडं बदला.

बँक, रेशन, गाडी

हे भराभर सांगते. आधारवरचा पत्ता गावचा असला तरी बँकेला आजचा पत्ता स्वतःच्या घोषणेवर देता येतो, रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत ही सोय आहे. ॲपवरून, ईमेलवरून किंवा शाखेत जाऊन कळवा. त्यानंतर बँक दोन महिन्यांत पत्र पाठवून किंवा माणूस पाठवून खात्री करते. शाखेत कुणी 'इथलं आधार आणा, मगच' म्हणालं तर नियमाचं नाव घेऊन लेखी उत्तर मागा. कर्ज किंवा चेकच्या व्यवहारात हे फार महत्त्वाचं आहे. योग्य पत्ता घालून टपालानं पाठवलेली नोटीस पोचली असं कायदा गृहीत धरतो, १८९७ पासून हा नियम आहे. बँकेच्या कागदावर तुम्हीच दिलेला जुना पत्ता असेल, तर 'मला मिळालीच नाही' हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात पडतं. तोवर जुन्या भागातल्या पोस्टात अर्ज देऊन ठेवा, टपाल नव्या पत्त्यावर वळवून घेता येतं.

अन्नसुरक्षा योजनेत असलेल्या कुटुंबाला देशात कुठल्याही रेशन दुकानात धान्य मिळू शकतं. म्हणून गाव सोडलं की धान्य गेलं, असं समजू नका. कायमचं स्थलांतर असेल तेव्हा जुन्या ठिकाणी नाव कमी केल्याचा दाखला घ्या आणि मगच नव्या कार्डावर चढवा. हा दाखला नसेल तर नवं कार्ड अडतं.

गाडीच्या आरसीवरचा पत्ता बदलल्याचं ३० दिवसांत कळवायचं असतं. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवणार असाल तर तिथं नव्यानं नोंदणी लागते. पासपोर्टवरचा पत्ता मात्र नुसता बदलत नाही, पासपोर्ट पुन्हा काढावा लागतो. परदेशी जायचं ठरत असेल तर पोलीस पडताळणीचा वेळ धरून चाला.

मुलींसाठी वेगळं

माझ्या टेबलावर सर्वांत गुंतागुंतीचे कागद बायकांचे असतात. लग्न झालं, मुलगी सासरी गेली. आधार माहेरचं, रेशनमधलं नाव माहेरून काढलं पण सासरी चढवलं नाही, मतदार यादी कुणी बघितलीच नाही. सगळं सुरळीत असतं तोवर चालतं. नवरा वारला, तलाक झाला किंवा घरातून निघावं लागलं की ती कागदावर कुठलीच नसते. सगळे पुरावे सासरच्या कपाटात राहतात. पोटगीचा अर्ज असो, मुलांच्या शाळेचा प्रवेश असो, पहिला प्रश्न येतो, "तुम्ही राहता कुठं?"

म्हणून मुलींनो, आपल्या कागदांचा एक संच स्वतःजवळ ठेवा, आणि मोबाईलमध्ये त्यांचे फोटो. बँक खातं स्वतःच्या नंबरवर ठेवा. सासरी गेल्यावर आधार आणि मतदार यादी दोन्ही बदला. पत्ता बदलण्यासाठी नाव बदलावं लागत नाही. आडनाव लावायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण एकदा ठरलं की सगळीकडं तेच. आणि मुलग्यांनो, घरात बायको, वहिनी नवीन आली की कागदांची फाइल तिच्या हातात द्या, आपल्या कपाटात कुलपात घालू नका.

नावाचं स्पेलिंग हे तर आपलं जुनं दुखणं. मोहम्मद, मोहंमद, मो. ; शेख आधी की शेवटी ; आईच्या नावापुढं बी, बेगम की बानो. पत्ता बदलताना अर्जातलं नाव ऑपरेटर मनानं टाइप करतो. इंग्रजी आणि मराठी दोन्ही रकाने स्वतः वाचा, मगच बटण दाबू द्या. पत्ता दुरुस्त करताना नाव बिघडलं, तर ते नीट करायला जास्त वेळ जातो.

जुना पत्ता टाकून देऊ नका

शेवटचा मुद्दा. नवा पत्ता सगळीकडं लावा, पण जुन्या पत्त्याचे कागद जपा. महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो. अकरा-अकरा महिन्यांचे करार, शाळेचे दाखले, वीजबिलं हाच तो पुरावा. घर सोडताना करार रद्दीत घालू नका.

ओबीसीतल्या मुस्लिम जमातींच्या मुलांनी तर जास्त लक्ष द्या. तुम्ही बागवान असा, अत्तार असा, पिंजारी असा. ओबीसीच्या जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधी कुटुंब कुठं राहत होतं ते बघतात. तुम्ही आज हिंजवडीत राहता याचा तिथं उपयोग नाही. आजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या नोंदी, जुना सातबारा शोधावा लागतो. दादा-दादी आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, कोणत्या गावातून कधी निघालो ते विचारून लिहून घ्या. आमच्याकडं एका मुलाचा प्रवेश त्याच्या दादीनं जपलेल्या एका पिवळ्या पडलेल्या दाखल्यावर झाला. तो दाखला तिनं तीन घरं बदलताना सोबत नेला होता.

आता काम सांगते. आज रात्री झोपण्याआधी मतदार पोर्टलवर स्वतःचं नाव शोधा. सापडलं तर भाग क्रमांक आणि पत्ता बघा, चुकीचा असेल तर अर्ज आठ भरा. मग आधार, मग बँक, मग बाकीचं, याच क्रमानं. प्रत्येक अर्जाचा पावती क्रमांक एका वहीत लिहा. तुमचं झालं की आपल्या इमारतीतल्या दोघांचं करा : एक अशी बाई जिच्याकडं स्मार्टफोन नाही, आणि एक नुकताच गावाहून आलेला मुलगा. पुढच्या शिबिरात मी पुन्हा हात वर करायला सांगणार आहे. तेव्हा कमी हात खाली यावेत, एवढीच माझी अपेक्षा.

आता प्रश्न विचारा.